पायाशी ठेवायची पिशवी

"फाटकापाशी मोकळी जागा आहे," मेतोदी म्हणाला. "तिथे नवा खड्डा घ्या. ऊनही येतं तिथे."

"आईला आता ऊन कशाला हवंय?" लाझारने विचारलं.

तो अंगणात उभ्या उभ्या गमबूट चढवत होता. दोन फावडी भिंतीला टेकवलेली होती. ओसरीच्या तुळईला लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. त्या त्यांच्या आईने, म्हाताऱ्या स्तानाने, गेल्याच महिन्यात ओवल्या होत्या. आता स्ताना पुढच्या खोलीत टेबलावर होती, हातात मेणबत्ती दिलेली, आरशावर काळं कापड टाकलेलं.

मरण्याच्या चार दिवस आधी तिने तिन्ही मुलांना पलंगाभोवती उभं केलं होतं. "मला पेन्कोच्या कबरीत ठेवा," ती म्हणाली होती. "त्याची हाडं काढा, वाइनने धुवा, पिशवीत भरा आणि माझ्या पायाशी द्या." यात नवल काहीच नव्हतं. जुन्या गावात सगळ्यांचं असंच व्हायचं. आधी गेलेला माणूस स्वच्छ होऊन नंतर येणाऱ्याच्या पायाशी बसतो. लाझार आणि धाकटी वेला रडत हो म्हणाले होते. थोरला मेतोदी काहीच बोलला नव्हता, आणि कालपासून मात्र एकच गोष्ट बोलत होता, की जुनी कबर उघडू नका.

"जमीन ओली आहे. आत काही उरलं नसेल. उगाच वेलाला बघवणार नाही."

"पंचवीस वर्षांत हाडं विरघळतात होय? क्रुम, सांग रे तुझ्या बापाला. तू माती शिकलायस."

क्रुम विहिरीच्या कठड्यावर बसून सिगारेट ओढत होता. तो धरणांच्या पायाची तपासणी करायचा. मातीचे नमुने नळीत भरून घरी आणायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा. "इथे चुनखडी आहे," तो म्हणाला. "चुनखडीत हाड टिकतं. बाबा, आजोबा असतील तिथे."

मेतोदीने मुलाकडे पाहिलं. क्रुमला ती नजर ओळखीची वाटली नाही. बाप रागावला की कसा दिसतो ते त्याला माहीत होतं; हे तसं नव्हतं.

"फादरची भीती वाटते का तुला?" लाझारने विचारलं. "मी बोलावलाय, मी जबाबदार. राजधानीत कुणी विचारलं तर सांग, भाऊ अडाणी आहे."

"फादरचा प्रश्न नाही."

"मग कसला आहे?"

मेतोदीने ओसरीकडे तोंड फिरवलं.

"दादा," लाझारने फावडं खांद्यावर घेतलं, "तीन आठवड्यांपूर्वी तू हे म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं. ऐकावंच लागलं असतं. काळ्या गाडीतून उतरून बोलायचास तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची. आता तू नुसता माझा भाऊ आहेस. चल क्रुम."

*

दफनभूमी गावाच्या वर, उतारावर होती. गाव नवं होतं, दफनभूमीही नवी. जुनं गाव खाली, तलावाच्या पाण्यात. एकसष्ट साली धरण भरलं तेव्हा माणसं, गुरं, शाळेचे बाक आणि मेलेली माणसं असं सगळं वर आणलं होतं. कबरींच्या रांगा सरळ होत्या, नकाशावर पट्टीने आखलेल्या. दगड मात्र जुने, शेवाळ चढलेले, एकमेकांशी उंचीने न जुळणारे. वर आणल्यापासून त्यांतली एकही कबर उघडली नव्हती; सरकारच्या धाकाने लोक फाटकापाशी नवा खड्डाच घेत.

शेजारचा मिन्चो आधीच येऊन थांबला होता. सहकारी शेतीत तो आणि लाझार एकाच ट्रॅक्टरवर पाळीपाळीने काम करायचे.

"कॉम्रेड मंत्री नाही आले खणायला?" मिन्चोने विचारलं.

"मंत्री संपला. आता नुसता कॉम्रेड," लाझार म्हणाला.

"तेही किती दिवस कोण जाणे." मिन्चो हातावर थुंकला आणि फावडं उचललं. "पण एक आहे हं. वीज दिली त्याने आपल्याला. आणि मासे. आमच्या आईला मासे करताच येत नव्हते. पहिला मासा तिने बटाट्यासारखा सोलला."

लाझार हसला, मग आई टेबलावर आहे हे आठवून हसायचा थांबला. पेन्कोचा दगड त्यांनी तिघांनी मिळून बाजूला सरकवला. चिनीमातीच्या गोल फोटोतून मिशाळ पेन्को त्यांच्याकडे बघत राहिला.

सुरुवातीला क्रुमचं लक्ष खोलीकडे होतं. मग ते खड्ड्याच्या भिंतीकडे गेलं, आणि तिथून हललं नाही.

एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. वरची काळी माती आणि खालची पिवळी माती मिसळते, आणि शंभर वर्षांनीही तो मिसळलेला चौकोन भोवतालच्या मातीत वेगळा दिसतो. इथे हातभर खोलीपर्यंत माती मिसळलेली होती, दगडाचा पाया बसवताना होते तेवढीच. त्याच्या खाली काळा थर होता, मग तपकिरी, मग पिवळा, आणि पिवळ्यात चुन्याचे पांढरे दाणे एका ओळीत, चारही भिंतींवर एकाच उंचीला. ती ओळ खड्ड्याच्या मधूनही गेलेली होती. त्यांच्याच फावड्यांनी ती आत्ता तुटली होती.

त्याला खात्री होती, तरी तो आणखी खणत राहिला. बोलायचं नव्हतं म्हणून खणत राहिला.

"अजून खाली असेल," मिन्चो म्हणाला. "तेव्हाची माणसं खोल पुरायची."

लाझार घामाने निथळत होता. "पेटीची फळी तरी लागायला हवी. एखादा खिळा. बाबांच्या पट्ट्याचं बक्कल पितळी होतं."

"काका, थांबा."

"थांबा काय? दोन वाजता आईला वर आणणार—"

"काका, इथे काही नाही. आणि विरघळलंही नाही." क्रुमने भिंतीवर बोट ठेवलं. "हे थर बघा. ही माती अशी बसायला हजारो वर्षं लागतात. आपल्या आधी इथे कुणी खणलेलंच नाही."

लाझारने भिंतीकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. त्याला थरांतलं काही कळत नव्हतं. पण क्रुम खोटं बोलत नाही, हे त्याला कळत होतं.

"म्हणजे दगड तेवढा आणला?"

मिन्चो खड्ड्यातून वर चढला. त्याने मूठभर गवत उपटून फावडं पुसलं, नीट, दोन्ही बाजूंनी. मग तो रांगेच्या पुढच्या दगडांकडे बघत राहिला. त्याच्या बापाचा दगड त्याच रांगेत होता.

"मी येतो जरा," तो म्हणाला.

"मिन्चो, आत्ता गावात काही बोलू नकोस. आईला आधी—"

"गावात नाही चाललो मी," मिन्चो म्हणाला आणि फावडं घेऊन रांगेने वर गेला.

*

घरात मेतोदीची बायको लिल्याना खिडकीपाशी उभी राहून रस्ता बघत होती. फादर एव्हतीम स्वयंपाकघरात घेवड्याची भाजी खात होते, आणि त्यांच्या काळ्या झग्याचा घोळ अंगणातून दिसत होता. लिल्याना दर थोड्या वेळाने ते दार लोटून घ्यायची. अजून एक आशा होती. कुणीतरी म्हणालं होतं, मेतोदीला राजदूत म्हणून कुठेतरी लांब, गरम हवेच्या देशात पाठवतील. पाठवतील किंवा नाही. अशा वेळी पक्षाच्या माणसाच्या आईच्या दफनाला फादर असणं म्हणजे हातानेच दार लावून घेणं.

सप्टेंबरमध्ये पक्षाच्या बैठकीत मेतोदी उभा राहिला होता, हातात कागद नव्हता. कागद त्याला कधीच लागला नाही. त्याच डोक्यावर तो या धरणावरच्या इंजिनिअरचा जिल्हाप्रमुख झाला, जिल्हाप्रमुखाचा मंत्री झाला. कुठल्या कारखान्यात किती टन, कुठल्या धरणात किती पाणी, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी त्याने पोलादाचे छापलेले आकडे सांगितले आणि त्यांच्यापुढे खरे आकडे सांगितले. कुणी ओरडलं नाही. एकाने त्याला पाण्याचा ग्लास दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं येऊन अभ्यासिकेतला, थेट वरच्यांशी जोडलेला पांढरा फोन काढून घेऊन गेली. तार कापली नाही. नीट गुंडाळली, जशी पुन्हा कुणाकडे तरी लावायची असेल.

"का बोललास?" तिने त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "कुणीतरी त्या आकड्यांवर पुढची पाच वर्षं बांधणार होतं."

"वहिनी, सुई ओवून देता?" मागून वेलाने विचारलं.

वेला आईच्या पायाशी बसून पिशवी शिवत होती. आईच्या लग्नातल्या चादरीचा पांढरा तागाचा तुकडा, वर दोरी ओढायची घडी. बाजूला वाइनचा सुरईसारखा मातीचा जग. सकाळपासून वेला मेतोदीच्या बाजूने होती. तिच्या मुलाला राजधानीत घर मिळालं ते दादामुळे. नवऱ्याचं ऑपरेशन झालं ते दादामुळे. लाझारला ती दोनदा म्हणाली होती, "त्याला छळू नकोस रे, त्याचं काय थोडं झालंय?"

मेतोदी आईच्या डोक्यापाशी बसला होता. तो वेलाच्या हातांकडे बघत होता.

"फार मोठी करू नकोस," तो म्हणाला.

"बाबा उंच होते, दादा. मांडीची हाडं लांब असतील."

लाझार आत आला तो बूट न काढता. मागून क्रुम. जमिनीवर चिखल पडला तरी वेला काही बोलली नाही, कारण लाझारचा चेहरा तिने पाहिला होता.

"बाबा कुठे आहेत?" लाझारने विचारलं.

"हळू बोल," लिल्याना म्हणाली. "आत फादर आहेत."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. दादा, मी तुला विचारतोय. बाबा कुठे आहेत?"

मेतोदीने हात गुडघ्यांवर ठेवले. "खाली," तो म्हणाला.

"खाली म्हणजे?"

"जिथे होते तिथे."

वेलाची सुई थांबली. "तू मला म्हणालास हलवलं. मी विचारलं होतं, तू हाताला धरून ती कबर दाखवलीस मला."

"दगड आधी आणले. जड होते, ट्रक मिळाले होते, म्हणून आधी दगड. मग हाडं आणायची होती. तशीच योजना होती. आणायला सुरुवातही झाली, वरच्या बाजूने." तो बैठकीत बोलायचा तसाच बोलत होता, एका सुरात. "तेवढ्यात फोन आला. राष्ट्रीय दिनाच्या आधी धरणाचे दरवाजे बंद करता येतील का? करता येतील, असं मी सांगितलं. मला वाटलं, दोन पाळ्या लावू, होईल. पाऊस लागला. पाणी जोरात चढलं."

"आणि अहवालात?" क्रुमने विचारलं.

"सगळ्या कबरी हलवल्या."

"सगळ्या."

"दगड हलवले होते सगळे. मोजायला माणूस आला तेव्हा त्याने दगड मोजले."

"आपली कबर वरच्या बाजूलाच होती," लाझार म्हणाला. "चर्चच्या मागे, अक्रोडाखाली. वरून सुरुवात केली म्हणतोस, मग बाबा तर पहिल्या दिवशीच यायला हवे होते."

या प्रश्नावर मेतोदी पहिल्यांदा अडखळला.

"मी त्यांना शेवटी ठेवलं," तो म्हणाला. "साहेबाने आपल्या बापाला आधी काढलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. मी स्वतः सांगितलं, आमची रांग सगळ्यात शेवटी घ्या."

बाहेर कोंबड्या कुठल्यातरी गोष्टीवरून भांडत होत्या. मग वेला हसली, आणि तो आवाज ऐकून क्रुमला मान खाली घालावीशी वाटली.

"किती चांगला माणूस," ती म्हणाली. "किती हो चांगला माणूस तू, दादा."

"वेला—"

"मी सतरा वर्षं त्या दगडावर गहू आणि साखर घेऊन गेलेय. मेणबत्त्या लावल्या. तुझ्या बढतीची बातमी सांगितली त्यांना. मी कुणाला सांगत होते रे?"

"सतरा वर्षं एक फोन पुरला असता," लाझार म्हणाला. "धरणाची दुरुस्ती आहे, रिकामं करा. कुणी विचारलं असतं तुला? पांढरा फोन होता ना टेबलावर?"

"दर हिवाळ्याच्या तोंडावर मनात यायचं. पण दर वर्षी वीज कमी पडायची." मेतोदी भावाकडे न बघता बोलत होता. "आणि बाबांसाठी रिकामं केलं तर इतरांचं काय सांगणार होतो?"

"मग आता कर फोन."

"आता मला कोण विचारतं?"

लिल्याना खिडकीपासून दूर झाली होती. ती सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला काही वर्षांपूर्वीचं आठवलं. याच घरात, मिरच्या भाजताना दफनाची गोष्ट निघाली होती तेव्हा म्हातारी हात झटकून म्हणाली होती, मला कुठेही पुरा, पेन्को रागावणार नाही. आणि त्या वरच्या कबरीवर ती कधी जात नसे. पाय दुखतात म्हणायची. पण खाली पाण्याच्या काठापर्यंत मात्र जायची, गव्हाचं भांडं शालीखाली घेऊन, आणि चढ चढून परत यायची.

"मेतोदी," लिल्यानाने विचारलं, "आईंना माहीत होतं?"

त्याने मान वर केली. "धरण भरलं त्याच महिन्यात मी तिला सांगितलं. फक्त तिला."

"आणि त्यांनी मागितलं कधी?" लिल्यानाचा आवाज बारीक झाला. "पायाशी ठेवा हे? आपण पांढरा फोन गेल्याचं सांगायला आलो त्याच्यानंतर. तोवर नाही. तोवर त्यांनी तुझी खुर्ची सांभाळली."

लाझारने बूट काढले, हातात धरले, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. तोवर त्याला वाटत होतं की भावाने एकट्यानेच त्याला फसवलं.

वेलाने दोऱ्याला गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

"काठावर जाऊन मूठभर माती आणू का, आत्या?" क्रुमने विचारलं. "जुन्या रस्त्याच्या बाजूला पाणी उतरलंय."

"चिखल नको मला," वेला म्हणाली. "तिने हाडं मागितली होती."

"मग पिशवी?"

"पिशवी द्यायची. जशी आहे तशी."

*

दोन वाजता स्तानाला वर नेलं. गाव आलं होतं, पण मेतोदीला वाटलं त्यापेक्षा कमी. गेल्या वर्षी तो रस्त्याचं उद्घाटन करायला आला होता तेव्हा शाळा सोडून मुलांना उभं केलं होतं, कार्नेशनची फुलं देऊन. आज फुलं घेऊन चार बायका होत्या. फाटकावर चिकटवलेल्या निधनाच्या पत्रकात, जिथे त्याचं नाव होतं, तिथे हुद्द्याची जागा कोरी होती. छापणाऱ्याला काय लिहावं कळलं नसेल.

लिल्याना त्याच्या शेजारी चालत होती. फादर पुढे होते आणि ती मागे राहिली नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं.

खड्ड्याच्या कडेला वेलाने जग उचलला. काठीवर वाळत घालावी तशी तिने रिकामी पिशवी डाव्या हातावर धरली आणि तिच्यावर वाइन ओतली, पूर्ण, आतून बाहेरून, जशी हाडं धुतात तशी. लाल पाणी तिच्या कोपरावरून बाहीत गेलं. जमलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, "आणि पेन्को?" वेलाने पिशवी पिळली आणि ती आईच्या पायांमध्ये ठेवली. ती तिथे चपटी पडून राहिली.

फादर म्हणू लागले. त्यांचा आवाज जाड आणि थकलेला होता. दोन ओळी झाल्या असतील तेव्हा वरच्या बाजूने आवाज आला, फावडं मातीत जाण्याचा. मग माती पडण्याचा. फादर थांबले, पुन्हा सुरू झाले. वर मिन्चो एकटाच नव्हता. त्याचा मेव्हणा दिसला, आणि त्यांच्या पलीकडे दुसऱ्याच रांगेत दोन माणसं कोट काढून उभी होती.

ज्या बाईने विचारलं होतं तिने फुलं शेजारणीच्या हातात दिली आणि ती निघाली. मग शेजारीणही निघाली. कुणी घाई केली नाही. जाताना प्रत्येकाने छातीवर क्रॉसची खूण केली, स्तानाच्या दिशेने मान झुकवली, आणि आपापल्या दगडाकडे गेला. शेवटी फादर सहा-सात माणसांसाठी म्हणत होते, त्यातले पाच घरचे होते. फावड्यांचे आवाज आता एकामागून एक येत होते. क्रुमने बापाच्या दंडाला हात लावला; तो हात काढून घ्यावा की ठेवावा हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं, म्हणून राहिला.

पहिली माती लाझारने टाकली. दुसरी मेतोदीने टाकायची होती. तो वाकला तेव्हा समोर चिखलाने भरलेले दोन बूट आले.

"मेतोदी," मिन्चो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने त्याला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. "आमचाही नाहीये."

"माहीत आहे मला."

"तू तेव्हा सगळ्यांची जागा टिपली होतीस. मी लहान होतो, तुझ्याबरोबर पट्टी धरून चाललो होतो. माझा बाप कुठे आहे?"

मेतोदी उभा राहिला. हातातली माती तशीच होती. त्याने खाली तलावाकडे पाहिलं. पाणी करडं होतं, वाऱ्याने एका दिशेला सुरकुतलेलं, आणि त्याच्यावर एकही खूण नव्हती. पण त्याला चर्चची भिंत दिसत होती, अक्रोड दिसत होता, आणि खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्या.

"तिसरी रांग," तो म्हणाला. "चर्चच्या दारापासून उजवीकडे, पाचवा. शेजारी तुझी आजी."

"किती खोल?"

"वसंतात वीस मीटर. आत्ता चौदा."

मिन्चो मान हलवत ऐकत होता, जणू पाठ करत होता. त्याच्या मागे त्याचा मेव्हणा येऊन उभा राहिला होता, त्याच्या मागे फुलं देऊन गेलेली बाई, तिच्या मागे आणखी कुणी. त्यांनी टोप्या काढल्या होत्या. कार्यालयाबाहेर उभे राहायचे तसे ते उतारावर एकामागे एक उभे होते.

"आमची मुलगी," बाई म्हणाली. "तीन वर्षांची होती. त्स्वेता."

मेतोदीने डोळे मिटले. "शेवटून दुसरी रांग," तो म्हणाला. "कुंपणाजवळ."